पाच प्रयत्नांत पहिलं प्रेम

संगणकाच्या सुरक्षेतून मला काय काय मिळणार होतं, तो हिशेब आधी मांडतो. एक, गायन मंडळाचं अध्यक्षपद. बोया काका खुर्ची सोडायच्या बेतात होते आणि तिच्यावर माझ्याशिवाय कुणाची नजर नव्हती. (दोघांची होती, पण ते बेसूर होते.) दोन, हॉलमध्ये टाळ्या. तीन, माझी बायको ॲव्हिस चारचौघांत एकदा तरी म्हणणार होती, "पार्किनचं बरोबर होतं!" लग्नाला तेहतीस वर्षं झाली, हे वाक्य अजून जमेला नाही. आणि खर्च किती? चार मंगळवारच्या दुपारी. बस! एवढा स्वस्त सौदा सोडणारा माणूस एक तर संत असतो, नाही तर मूर्ख. मी दोन्ही नाही, असं तेव्हा माझं मत होतं.

मी पार्किन क्विंटल. ते आडनाव आहे, वजन नव्हे. वजन त्या दिशेने निघालंय एवढंच. नॉरफोक बेटावर मला या नावाने शोधू नका. आमच्या फोनच्या पुस्तकात माणसं टोपणनावाने छापतात आणि मी 'झाकण' या शब्दापाशी सापडतो. आडनावावर छापली तर अर्धं पुस्तक एकाच घराचं वाटेल! जुनी आडनावं मोजून आठ. इथे ओळखीचं कोण, असं विचारायचं नसतं. नात्यात नाही असं कोण, हे विचारायचं.

आमचं गायन मंडळ चौदाजणांचं. दर गुरुवारी दुपारी अडीचला आम्ही हॉलमध्ये जुनी स्तोत्रं म्हणतो. मंडळाचं एक ईमेल खातं आहे. त्याचा पासवर्ड स्तोत्रांच्या कपाटाच्या दारावर, आतल्या बाजूने, खडूने लिहिलेला. सगळे ते खातं वापरायचे. एक्क्याऐंशी वर्षांच्या मे मावशी त्यावरून नातवंडांना फोटो धाडायच्या. आमचा खर्जातला आवाज म्हणजे गोणी, तो गिटारच्या तारा मागवायचा. आणि त्याची बायको डेल्फिन महिन्याला एक टोपी मागवायची. बेटावर घराला कुलूप नसतं, गाडीची किल्ली गाडीतच लटकलेली असते. मग पासवर्डनेच काय पाप केलंय, असा सर्वांचा साधा विचार.

त्या खात्यावर जानेवारीत एक मेल आला. ऑकलंडच्या गायन महोत्सवासाठी आमची निवड झाली होती!

हे किती मोठं, ते सांगतो. अकरा वर्षांपूर्वी अशीच निवड झाली होती. एक अख्खं कडवं ॲव्हिस एकटीने म्हणणार होती. तिने निळा झगा शिवून घेतला, आणि वाऱ्यामुळे विमान तीन दिवस बेटावर उतरलंच नाही. चौथ्या दिवशी उतरलं तेव्हा महोत्सव संपला होता. यंदा ते कडवं पुन्हा तिच्याकडे आलं होतं. वय सत्तावन्न. तिसऱ्यांदा कुणी बोलावणार नाही, हे तिला ठाऊक होतं. दोरीवर कपडे घालताना ती ते कडवं इतक्यांदा म्हणायची की कुंपणापलीकडची गाय शेवटच्या ओळीला मान वर करायला लागली.

करायचं काय होतं? त्या मेलमधलं 'आम्ही येतो' हे बटण गुरुवारी पाचच्या आत दाबायचं. नाही दाबलं तर जागा यादीतल्या पुढच्या मंडळाला! एवढंच काम. शहाण्या माणसाने ते त्याच दिवशी उरकलं असतं. पण मी मंडळाचा चिटणीस. मी ठरवलं की हे बटण शेवटच्या गुरुवारी, सर्वांसमोर, समारंभाने दाबायचं.

मधल्या काळात बेटावर टॅमसिन आली. मुख्य भूमीवरून आलेली, तिशीची, पाठीला पिशवी, तोंडाला विश्रांती नाही. 'सामान्यांसाठी संगणक सुरक्षा', चार मंगळवार. पहिल्या रांगेत कोण? मी!

टॅमसिनने पहिल्याच दिवशी आम्हाला घाबरवून सोडलं. पासवर्ड लांब हवा, एकमेकांशी संबंध नसलेल्या चार शब्दांचा. फोनवर येणाऱ्या आकड्यांचं दुसरं कुलूप हवं. खातं उघडायला गुप्त प्रश्न विचारतात, त्यांना खरी उत्तरं कधी द्यायची नाहीत.

"का बरं?" मे मावशींनी विचारलं.

"कारण तुमच्या आईचं माहेरचं आडनाव कुणीही शोधून काढेल, मावशी."

"शोधायचं कशाला? आठांतलं एक!"

टॅमसिनचा चेहरा पांढरा पडला. असं उघडंवाघडं बेट तिने पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या मंगळवारी तिने भामट्यांचे फोन शिकवले. तीन खुणा. कुठल्या तरी कार्यालयातून बोलतोय म्हणतात, तातडीचं आहे म्हणतात, आणि तुमची माहिती मागतात. "तिन्ही जमल्या की सरळ फोन ठेवा. मग तुम्हाला माहीत असलेल्या नंबरावर स्वतः फोन करून खात्री करा." मी वहीत पहिलं वाक्य लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. दुसरं लिहायच्या वेळी पेन्सिलीचं टोक मोडलं.

चौथ्या मंगळवारी ती फळ्याकडे वळून म्हणाली, "आता सर्वांत महत्त्वाचं. हे सगळं सांभाळून कुठे ठेवायचं—"

आणि बाहेरून आरोळी आली, "जहाज आलं!"

आमच्याकडे बंदर नाही. जहाज दूर उभं राहतं, माल होड्यांतून धक्क्यावर येतो, तोही समुद्राचा मूड असेल तोवर. पाच आठवडे जहाज आलं नव्हतं. बेटावर बटाटा नव्हता, कांदा नव्हता, संडासात वापरायचा कागद शेवटच्या घटका मोजत होता. अर्ध्या मिनिटात हॉल रिकामा! टॅमसिन खडू हातात धरून एकटी उभी. कुलूप लावायचा धडा आम्ही पूर्ण शिकलो. किल्ली ठेवायचा धडा बटाट्यांनी खाल्ला. माझं प्रमाणपत्र तिने मला धक्क्यावर, एका पोत्यावर टेकवून सही करून दिलं, आणि तिसऱ्या दिवशी विमानाने परत गेली.

त्याच मंगळवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात टेबलाशी बसलो आणि मंडळाच्या खात्याच्या मुसक्या बांधून टाकल्या. कपाटावरचा खडू पुसून आलो होतोच. नवा पासवर्ड, चार शब्दांचा. दुसऱ्या कुलुपाचे आकडे बोया काकांच्या मोबाइलवर. माझाच फोन चोरीला गेला तर? (बेटावर शेवटची चोरी झाली ती एका भोपळ्याची, आणि तो भोपळा चोराने भाजून, गोड करून परत आणून दिला.) तीन गुप्त प्रश्न, तिन्हींना खोटी उत्तरं. मग सगळ्यांच्या यंत्रांवरून खातं बंद केलं आणि पासवर्डचा कागद चुलीत घातला.

"काय जाळतोयस?" ॲव्हिसने विचारलं.

"पुरावा!" मी म्हणालो.

पुढच्या सोमवारी फोन वाजला.

"नमस्कार, मी हिनेवाई, ऑकलंडच्या महोत्सव कार्यालयातून बोलतेय. जरा तातडीचं होतं. आधी तुमचं नाव आणि अर्जाचा क्रमांक सांगाल का?"

कार्यालय, तातडी, माहिती. तिन्ही खुणा, त्याही ओळीने! माझ्या अंगावर आनंदाचा काटा आला.

"बाई," मी म्हणालो, "तुमच्या आईला माहीत आहे का तुम्ही काय धंदा करता?" आणि फोन ठेवला.

बुधवारी पुन्हा तीच. "अहो, मी परवा—"

या वेळी मी तिला पश्चात्तापाचं स्तोत्र ऐकवलं. तीन कडवी आहेत. दुसऱ्या कडव्याला तिनेच फोन ठेवला. मी बेटावर चार ठिकाणी ही हकीकत सांगितली. लोक गाडी चालवताना एकमेकांना एक बोट उचलून रामराम करतात, त्या दिवशी मला दोन बोटं मिळत होती.

आला गुरुवार. टेबलावर पांढरा कपडा. त्यावर लॅपटॉप. शेजारी डेल्फिनने आणलेली केळ्यांची भाजलेली पिल्ही, आमची बेटावरची वडी. बटण दाबायचा मान मे मावशींना. ॲव्हिस खिडकीशी उभी, हात एकमेकांत घट्ट धरलेले. पावणेतीन वाजले होते.

मी पासवर्ड लिहायला बसलो. चार शब्द. केळं. शिंग. मंगळवार. आणि...

आणि चौथा शब्द होडीतून उतरून निघून गेला होता!

"काय झालं?" बोया काकांनी विचारलं.

"काही नाही. जरा मजा घेतोय."

मी 'केळं शिंग मंगळवार किटली' लिहिलं. लाल. 'केळं शिंग मंगळवार भोपळा'. लाल. मग शिंग आधी की केळं आधी, याचाच संशय यायला लागला. मानेवरून घाम निघाला तो थेट प्रमाणपत्र ठेवलेल्या खिशात.

"झाकण," गोणी म्हणाला, "कागदावर लिहून ठेवलं असशील ना?"

"जाळला," खिडकीतून ॲव्हिस म्हणाली. "माझ्यासमोर."

"काळजी नको!" मी म्हणालो. "दुसरा रस्ता आहे. काका, तुमच्या मोबाइलवर आकडे येतील."

बोया काकांनी पिशवीतून बिस्किटांचा डबा काढला, डब्यातून टॉवेल, टॉवेलातून मोजा, मोज्यातून फोन. फोन मेलेला! गोणी चार्जर आणायला धावला. त्याच्या गाडीपुढे गाय आडवी बसलेली, आणि आमच्याकडे रस्त्यावर पहिला हक्क गाईचा. दहा मिनिटं गेली. शेवटी फोन जिवंत झाला आणि म्हणाला, कुलुपाचे चार आकडे सांगा.

"सांगा, काका."

"आकडा नाही सांगायचा."

"काका!"

"तूच बजावलंस. कुणीही मागू दे, द्यायचा नाही. चिटणीसाने मागितला तरी नाही. मी शब्दाचा पक्का आहे."

"अहो, मी स्वतः म्हणतोय!"

"हेच भामटा म्हणेल," काका म्हणाले आणि हाताची घडी घातली. मंडळाने त्यांची मनधरणी केली, मे मावशींनी रागे भरलं, तेव्हा ते हळूच म्हणाले, "आणि खरं सांगू? मलाही आठवत नाही."

बंद फोनवर निरोप दिसू नयेत, ही खबरदारीही मीच घेऊन ठेवली होती. आकडे आत येऊन पडले होते, टिंग करून वाजलेही होते, पण भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यासारखे!

सव्वातीन वाजले.

"पाचला अजून वेळ आहे," मी म्हणालो.

"कुणाचे पाच?" मे मावशींनी विचारलं.

"म्हणजे?"

"ऑकलंडचे पाच ना? तिकडचं घड्याळ एक तास पुढे असतं. आपले चार."

हॉलमध्ये कुणी तरी खुर्ची सरकवली. ॲव्हिस खिडकीपासून टेबलापर्यंत आली, टेबलापासून खिडकीपर्यंत गेली, पुन्हा आली. मला ओरडणारी बायको परवडते. ती चालायला लागली की मी भितो.

"त्यांना फोन करा ना सरळ!" डेल्फिन म्हणाली.

"नंबर मेलमध्येच आहे."

"आणि मेल?"

"मेल कुलपात."

तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. मी सर्वांत जवळ होतो. उचलला.

"नमस्कार, मी हिनेवाई, महोत्सव कार्यालयातून, कृपा करून ठेवू न—"

ठेवला! हाताने आपला आपणच ठेवला. चार मंगळवारांचं शिक्षण होतं, ते थोडंच थांबतं?

"कोण होतं?" काकांनी विचारलं.

"तीच ती भामटी. 'महोत्सव कार्यालयातून बोलतेय' म्हणे! तिसऱ्यांदा..."

बोलता बोलता माझाच आवाज मला ऐकू आला. तेरा माणसं माझ्याकडे पाहत होती. चौदाव्याला, म्हणजे मला, जागच्या जागी अदृश्य व्हायचं होतं.

"झाकण," गोणी शांतपणे म्हणाला, "तू ज्या बाईला स्तोत्र ऐकवलंस, ती..."

"गुप्त प्रश्न!" मी ओरडलो. "गुप्त प्रश्न बाकी आहेत!"

पडद्यावर पहिला प्रश्न आला: आईचं माहेरचं आडनाव. खाली सूचना होती. एकूण चार चुका माफ. पाचवी झाली की खातं चोवीस तास बंद.

"ईव्हान्स," मे मावशी तत्काळ म्हणाल्या. "एडिथ ईव्हान्स. माझ्या वर्गात होती."

"ते खरं आहे, मावशी. मी खोटं लिहिलंय."

"आईचं आडनाव खोटं लिहिलंस?"

"तसं शिकवलं होतं!"

"मग काय लिहिलंस?"

"तेच तर आठवत नाही!"

आता मंडळाने जो उद्योग आरंभला, तसा या बेटावर यापूर्वी झाला नसेल. माझं खरं आयुष्य त्यांना तोंडपाठ होतं. ते कुणालाच नको होतं. पार्किन क्विंटल हा माणूस खोटं बोलला तर काय बोलेल, यावर चर्चा सुरू झाली.

"त्याच्यात कल्पनाशक्ती नाही," गोणी म्हणाला. "लांबचं काही सुचणार नाही."

"मासे लिहिले असतील. मासे किती मिळाले ते नेहमी खोटंच सांगतो."

'मासा' लिहून पाहिलं. लाल. एक चूक.

ॲव्हिस चालायची थांबली. "तो टेबलाशी बसला होता," ती म्हणाली, "खिडकीकडे तोंड करून. समोर दिसेल ते लिहायचा. खिडकीतून काय दिसतं? गाय."

तिने 'गाय' लिहिलं. हिरवं!

हॉलमध्ये जल्लोष झाला. मे मावशी मात्र उठून उभ्या राहिल्या. "एडिथला गाय म्हणालास? जिने तुला साडेतीन वर्षं अंगावर पाजलं?"

"मावशी, सुरक्षेसाठी—"

"खाली बस!"

मी बसलेलोच होतो. आणखी खाली बसलो.

दुसरा प्रश्न: तुमचा पहिला पाळीव प्राणी. खरं उत्तर 'शेळी', हे बेटावर बालवाडीतल्या पोरालाही माहीत. एकाने 'घोडा' सुचवलं. लाल. दोन चुका.

"आईच्या जागी जनावर घातलं," डेल्फिन विचार करत म्हणाली, "तर जनावराच्या जागी माणूस घातला असेल."

मला लख्ख आठवलं. मी काकांकडे पाहिलं आणि लगेच छताकडे पाहिलं. ॲव्हिसने माझ्या नजरेचा माग काढला आणि लिहिलं, 'बोया काका'. हिरवं!

"मी?" काका म्हणाले. "मी तुझा पाळीव प्राणी?"

"आदराने लिहिलं हो, काका. 'काका' जोडलंय ना पुढे!"

पावणेचार झाले होते. अध्यक्षपदाची खुर्ची मला डोळ्यांदेखत दूर सरकताना दिसली. पण आता एकच प्रश्न उरला होता. तो पडद्यावर उमटला.

तुमच्या पहिल्या प्रेमाचं नाव.

हे उत्तर मला आठवत होतं. अगदी स्वच्छ! तुम्हाला सांगतो, तिथे नाही सांगितलं. मी साधा माणूस. आईचं खोटं लिहिलं, शेळीचं खोटं लिहिलं, तिसऱ्या प्रश्नापर्यंत माझा खोट्याचा साठाच संपला. शिवाय मनात आलं की सगळ्या बेटाला वाटतं उत्तर ॲव्हिस, मग खरं लिहिलं तरी कुणाला कळतंय? म्हणून मी लिहिलं, डेल्फिन. चौतीस वर्षांपूर्वीचे अकरा दिवस. बाराव्या दिवशी तिला गोणी भेटला आणि विषय संपला.

डेल्फिन माझ्यापासून तीन हातांवर पिल्ही कापत होती. गोणी दोन हातांवर होता, आणि गोणीचं नाव गोणी का आहे हे त्याला पाठीमागून पाहिलं की कळतं.

"इथे काय लिहिलंस?" ॲव्हिसने विचारलं.

"खोटं."

"म्हणजे माझं नाव नाही."

"तुझं खरं आहे ना! म्हणून दुसरं कुणाचं तरी."

"कुणाचं?"

"आठवत नाही."

"तेहतीस वर्षांच्या संसारात तुला पटकन दुसरं नाव सुचलं, आणि आता आठवत नाही?"

"ॲव्हिस, वेळ कमी आहे..."

"म्हणूनच विचारतेय!"

मंडळ पुन्हा कामाला लागलं. गोणी सर्वांत उत्साही! "ती दवाखान्यातली नर्स! याचा अंगठा शिवला तेव्हा हा टाका पडताना हसत होता!" नर्सचं नाव लिहिलं. लाल. तीन. "टॅमसिन!" कुणी तरी ओरडलं. "पहिल्या रांगेत बसायचा!" मी 'नको नको' म्हणेपर्यंत लिहूनही झालं. लाल. चार.

एक प्रयत्न उरला. घड्याळात सात मिनिटं उरली. सांगितलं तर गोणी माझी घडी घालणार. नाही सांगितलं तर ॲव्हिसचं कडवं या बेटावर गाईला ऐकवण्यापुरतंच राहणार. मी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. माशासारखं.

ॲव्हिस माझ्याकडे पाहत होती. रागाने नव्हे; भाजीवालीच्या तराजूकडे पाहावं तशी.

"तुझे कान लाल झालेत," ती हळू आवाजात म्हणाली. "तुला आठवतंय."

तिने लॅपटॉप स्वतःकडे वळवला आणि एका दमात नाव लिहिलं. पडद्यावर नुसते काळे ठिपके उमटले. अक्षरं दिसत नाहीत, ही एकच सुरक्षा त्या दिवशी माझ्या उपयोगी पडली. तिने बटण दाबलं.

हिरवं!

"काय लिहिलंस?" गोणी पुढे झुकला.

"खोटं," ॲव्हिस म्हणाली. "त्याने खोटं लिहायचं ठरवलं होतं ना? मग खोटंच."

डेल्फिनला एकाएकी पिल्हीचे तुकडे सारखे करायचे होते. ॲव्हिस माझ्या कानाशी वाकली आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "अकरा दिवस. लग्नाआधीच मला सात जणींनी सांगितलं होतं."

खातं उघडलं होतं. चारला पाच मिनिटं. आत हिनेवाईचे तीन मेल वाट पाहत होते. मे मावशींनी चष्मा लावून मोठ्याने वाचायला घेतले.

पहिला, सोमवारचा: 'आमच्या संकेतस्थळात बिघाड झाल्याने मुदत पुढच्या शुक्रवारपर्यंत वाढवली आहे. फोनवर कळवायचा प्रयत्न केला, पण आपल्या गृहस्थांनी माझ्या आईची चौकशी करून फोन ठेवला.'

बोया काकांनी बिस्किटांचा डबा बंद केला, त्याचा तेवढा आवाज झाला. मुदत सोमवारीच वाढली होती! एडिथची गाय, काकांच्या गळ्यातला पाळीव पट्टा, डेल्फिन, सगळं फुकट!

दुसरा, बुधवारचा: 'मुदतीबद्दल सोमवारी लिहिलं आहेच. आपल्या गृहस्थांनी मला स्तोत्र ऐकवलं. निवडीच्या ध्वनिफितीत हा आवाज ऐकल्याचं समितीत कुणालाच आठवत नाही.'

(त्या दिवशी मला खोकला होता. मी नुसते ओठ हलवले होते.)

तिसरा, पंचवीस मिनिटांपूर्वीचा: 'आता बटण वगैरे दाबू नका. तुमची जागा मी स्वतः नक्की केली आहे. कडवं एकटीने म्हणणाऱ्या बाईंना ऐकायला आम्ही उत्सुक आहोत. गाणारे नेमके किती येणार, एवढा आकडा उलट कळवा. फोन नको.'

ॲव्हिस खुर्चीत बसली. पावणेतीनपासून पहिल्यांदाच. तिने डोळ्यांच्या कडा बाहीने टिपल्या, मग दोन्ही हात कळफलकावर ठेवले आणि आकडा लिहिला.

तेरा.

मी मंडळाकडे पाहिलं. कुणीही मोजणीत चूक आहे असं म्हणालं नाही.

ते ऑकलंडला गेले तेव्हा हवा इतकी शांत होती की विमान दहा मिनिटं आधी उतरलं. मागे नऊ घरांच्या एकशे सात कोंबड्या, चार गाई आणि मे मावशींचं चावरं कुत्रं, सगळं माझ्यावर सोपवून. घरं अर्थातच उघडी होती.

शनिवारी दुपारी दीडला कार्यक्रम इंटरनेटवरून थेट दिसणार होता. दुवा मंडळाच्या मेलवर आला होता. मी दाढी केली, स्वच्छ सदरा घातला, लॅपटॉपसमोर बसलो. ॲव्हिसने पासवर्ड बदलला होता! साहजिकच. तिला फोन लावला, तो बंद. रंगमंचावर जाताना कोण चालू ठेवतं?

गुप्त प्रश्न तिने एकच ठेवला होता. तुमच्या पहिल्या प्रेमाचं नाव.

मी हसलो. मोठ्याने! बायको असावी तर अशी. वेळात वेळ काढून माझ्यासाठी फट ठेवून गेली! मी ऐटीत लिहिलं, 'पार्किन'.

लाल.

घाईत काही चुकलं असेल. 'पार्किन क्विंटल'. लाल. 'झाकण'. लाल. लग्नाचा फोटो भिंतीवरून काढून समोर ठेवला, बराच वेळ पाहिला आणि लिहिलं, 'माझा नवरा'. लाल. एक प्रयत्न उरला. घड्याळ पुढे पळत होतं आणि डोक्यात त्या काळातले बेटावरचे सगळे तरुण एकामागून एक धक्क्यावर उतरत होते. शेवटी डोळे मिटून लिहिलं, 'गोणी'.

लाल. देवा, तुझे उपकार! असं म्हणून मी खुर्चीवर मागे रेललो, आणि मग लक्षात आलं की खातं चोवीस तास बंद झालंय. तिकडे कडवं संपलं.

आता जमाखर्च. मंडळाला उभ्याने टाळ्या मिळाल्या. ॲव्हिसला कडवं पुन्हा म्हणायला लावलं, असं तेराही जण सांगतात. डेल्फिनने तिकडून दोन टोप्या आणल्या, हिनेवाईला मे मावशींनी मुरंब्याची बरणी दिली. बोया काका आणखी तीन वर्षं खुर्चीवर राहणार आहेत. पाळीव प्राण्याला हलवणं बरं नव्हे, असं म्हणाले.

परत आल्यावर मी ॲव्हिसला गाठलं. "ते पहिल्या प्रेमाचं नाव. काय लिहिलं होतंस?"

"खरं उत्तर कधी लिहायचं नाही. टॅमसिनने शिकवलं ना?"

"म्हणजे तू खोटं लिहिलंस. म्हणजे खरं उत्तर मी!"

"तातडीने माहिती मागणाऱ्याचं काय करायचं, तेही शिकवलंय," ती म्हणाली आणि कपडे वाळत घालायला निघून गेली.

तेव्हा या सगळ्या प्रकरणात भरलं कुणी? मी एकट्याने. आणि पावती अजून मिळालेली नाही.